घणसोलीहून एक अंक

6 जुलै 2025, रविवार (आषाढी एकादशी)

ठरलं. अंक काढायचा, इंटरनेटवर काढायचा आणि पहिला दिवाळीत काढायचा. आज उपास, म्हणून बैठक साबुदाण्याच्या खिचडीवर झाली. आम्ही चौघं आहोत. मी; महापेला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा माझा चुलतभाऊ; माथाडी वसाहतीत वाढलेली आणि आता ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारी माझी मैत्रीण; आणि गिरगावच्या छापखान्यात खिळे जुळवण्यात उभं आयुष्य गेलेले आमच्या आळीतले नाना. नाव जवळजवळ ठरलंय, पण अंक निघेपर्यंत ते कुठे लिहायचं नाही असं नाना म्हणाले. मान्य.

भावानं विचारलं, घणसोलीतूनच कशाला? इंटरनेटवरचा अंक कुठूनही निघाला तरी सारखाच. मला हे पटत नाही. 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि पुढे आमच्या भातशेतीचे, खारीचे सात-बारे संपादनात गेले. त्या जमिनीवर सेक्टर उभे राहिले. वाशीच्या बाजारात पोती उचलणारे माथाडी कामगार सातारा-पाटणकडून येऊन सिम्प्लेक्स आणि घरोंदा वसाहतींत राहिले. मग टॉवर आले, त्यांत देशभरची माणसं आली. गावठाण, माथाडी वसाहत आणि टॉवर एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत, पण एकमेकांचं लिहिलेलं कुणी वाचलेलं नाही. लिहिणारे तिन्हीकडे आहेत हे मला कित्येक वर्षं दिसतंय. अंक इथून काढायचा तो यासाठी.

मोठ्या शहराची वाट न बघता अंक काढण्याची चाल मराठीत जुनी आहे. नारायण नरसिंह फडणीसांनी 1887 मध्ये ‘काव्यरत्नावली’ जळगावहून सुरू केलं, आणि तेही निव्वळ कवितेचं मासिक. त्याच्या आदल्याच वर्षी कृष्णाजी नारायण आठल्ये थेट कोचीनहून ‘केरळकोकीळ’ काढायला लागले होते. पोस्टाची पेटी आणि वर्गणीदारांची वही, एवढ्यावर त्यांनी अंक चालवले. आमच्या हातात त्यापेक्षा खूप जास्त आहे.

11 जुलै, शुक्रवार

रात्री जेवणं आटोपली की इतरांचे अंक वाचतेय. आशुतोष पोतदार आणि नूपुर देसाई यांचा ‘हाकारा’ एकेका कल्पनेभोवती अंक बांधतो. त्यात कविता, चित्र, निबंध, फोटो एकमेकांशी बोलतात. सायली राजाध्यक्षांच्या ‘डिजिटल दिवाळी’नं एक आख्खा अंक खाद्यसंस्कृतीला दिला होता. साने गुरुजींनी 1948 साली सुरू केलेल्या ‘साधना’नं इंटरनेटसाठी ‘कर्तव्य साधना’ वेगळं उभं केलं.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली, अंकाला धागा हवा. पडद्यावर माणूस एकच लेख उघडतो, वाचतो, निघून जातो. त्याला दुसऱ्या लेखापर्यंत नेणारं काहीतरी आतूनच लागतं. छापील अंकात हे काम पान उलटणारं बोट करतं. दुसरी, प्रत्येक लेखाचा स्वतःचा पत्ता हवा आणि त्या पत्त्यावर अंकाचं नाव, महिना आणि अनुक्रमणिका दिसायला हवी. कारण अंक कुणी कुणाला पाठवत नाही. लोक लेख पाठवतात.

पहिल्या अंकाचा विषय मैत्रिणीनं सुचवला: ‘काम’. तिघांनीही लगेच होकार दिला.

20 जुलै, रविवार

आवाहनाचा मजकूर पक्का झाला. ‘साहित्य पाठवा’ एवढं लिहून चालत नाही, त्यानं फक्त कवितांची रास येते. म्हणून आम्ही प्रश्नच विचारले. तुमच्या घरात पहिला पगार कुणी आणला? हातानं करायचं कोणतं काम तुमच्या डोळ्यांदेखत संपलं? तुमच्या कामाची अवजारं कोणती आणि त्यांना तुम्ही काय म्हणता? घरात जी मराठी बोलता तीत लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघू.

खाली अटी. मजकूर युनिकोडमध्ये, जमत नसेल तर हाताने लिहून फोटो पाठवा, आम्ही टाइप करू. मजकुराचा हक्क लेखकाचाच राहील. तीन आठवड्यांत होय किंवा नाही कळवू. मानधन देऊ, थोडं असेल, पण देऊ. मैत्रीण या शेवटच्या अटीवर अडून बसली होती. तिचं म्हणणं, विषय ‘काम’ ठेवायचा आणि लिहिण्याचं काम फुकट मागायचं हे आपल्याला शोभणार नाही. खरं आहे.

आवाहन कुठे लावायचं यावर भावानं लांबलचक यादी केली. मी तीत पिठाची गिरणी घातली. गावात बायका सर्वांत जास्त वेळ थांबतात ती तीच जागा.

2 ऑगस्ट, शनिवार

कविता येताहेत, गद्य कमी. बऱ्याच कविता पावसावरच्या. काही मजकूर जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये आलाय, श्रीलिपीत वगैरे. युनिकोडमध्ये आणला की र फुटतो. खाडीवरच्या एका गोष्टीत होड्या ‘दऱ्या’वर गेल्या होत्या. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या, दर्या वेगळा. असे सगळे र हाताने तपासावे लागतात. नानांनी चष्मा चढवला आणि तासाभरात सगळं प्रूफ तपासून दिलं. पडद्यावर वाचायची सवय नाही म्हणून त्यांनी कागदावर छापून मागितलं, समासात लाल शाईनं खुणा केल्या. त्या खुणा आता आमच्यापैकी कुणालाच येत नाहीत. त्या मी त्यांच्याकडून शिकून घेणार आहे.

9 ऑगस्ट, शनिवार (राखी पौर्णिमा)

आज आत्याकडे गेले. आत्या म्हणजे नात्यानं लांबची, पण गाव तिला आत्याच म्हणतं. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत धवले म्हणत एकेक विधी पुढे नेणारी बाई. तिच्या आवाजाशिवाय जुन्या घरांत लग्न पुढे सरकत नसे. ‘काम’ या विषयात तिचं काम यायलाच हवं, पण ते तिनंच सांगितलेलं हवं, तिच्यावर कुणी लिहिलेलं नको.

नारळीभात पुढ्यात ठेवून आधी तिनं मलाच विचारलं, “कशान लिवनार तू?” मी फोन दाखवला. तिनं हात हलवला. “गो बाय, आमची गानी कागदान राहात नाय, मांडवान राहतान.”

मी म्हटलं, “गाणी नको. तू शिकलीस कशी ते सांग.”

मग मात्र ती थांबली नाही. सासूच्या मागे मागे हिंडून शिकली. मोठीनं एक ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची, अशी रात्र जायची. पावसाळ्यात भाताची लावणी, गुडघाभर चिखलात. लग्नसराईत रात्री कुणाचा तरी मांडव. आवाज बसू नये म्हणून काय करायचं, नवरीची आई रडायला लागली की चाल कुठे संथ करायची, कुणाच्या घरी आधी कुणाच्या पूर्वजांचं नाव घ्यायचं. ते चुकलं तर काय होतं, हेही सांगितलं. तिच्या सासरची शेतं गेली तेव्हा लावणीची गाणी गेली, मांडवातली राहिली. आता हॉलमध्ये लग्नं होतात, बँजो असतो, तिला दहा मिनिटं देतात. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कामाचा हिशेब द्यावा तसं सांगितलं.

सगळं तिच्या परवानगीनं रेकॉर्ड केलंय. आता प्रश्न लिहिण्याचा आहे. ती ‘शेतान’, ‘घरान’, ‘मांडवान’ म्हणते. ‘शेतात’ केलं तर बाई उठून जाते. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ ठेवावा, की वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून थोडं प्रमाण करावं? मैत्रीण म्हणते, तळटीपा देऊ. मला तळटीपा नको आहेत. आपल्या बोलीला टीप लावली की ती पाहुणी होते. त्यापेक्षा लेखाच्या माथ्यावर तिचा आवाज ठेवू. दोन मिनिटं ऐकून जो वाचायला घेईल त्याला अडणार नाही. छापील अंकाला जे कधी जमलं नसतं ते इथे जमतं, आणि याच कारणासाठी मला इंटरनेटवरचा अंक हा छापील अंकाचा स्वस्त पर्याय वाटत नाही.

17 ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी होती. आज सकाळी गाव शांत, म्हणून घरोंद्यातल्या एका मुलाच्या कथेवर बसता आलं.

मुलगा विशीतला. वडील माथाडी. कथेत एक बाप रोज पहाटे बाजारात जातो, पाठीवर कांद्याची, बटाट्याची पोती वाहतो आणि एक दिवस मुलाला सोबत नेतो. पहिली दोन पानं उत्तम आहेत. गोण उचलताना हुक कुठे अडकवायचा, मान कोणत्या बाजूला कलवायची, टोळीत पुढे कोण आणि मागे कोण, हे ज्यानं पाहिलंय तोच लिहील. मग तिसऱ्या पानावर मुलगा बापाच्या कष्टांवर भाषण करतो आणि कथा संपते.

मी त्याला तीन पानी पत्र लिहिलं. भाषण काढ, एवढंच लिहून भागलं असतं, पण मग ते का काढायचं हे त्याला कळलं नसतं. मी लिहिलं: बाप पोतं उतरवतो तेव्हा मुलगा कुठे उभा आहे? तो पाण्याची बाटली पुढे करतो का? बापाला ते आवडतं का, की टोळीसमोर संकोच वाटतो? मुलाला बापाचा अभिमान आहे असं तू लिहिलंयस. त्याला त्या क्षणी लाजही वाटते का? वाटत असेल तर ती कथेत येऊ दे, त्यानं बाप लहान होणार नाही.

‘सत्यकथा’च्या खटाववाडीतल्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला समोर बसवून एकेका ओळीवर बोलत, पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. 1982 मध्ये ते मासिक बंद झालं. त्याच ‘सत्यकथे’विरुद्ध लघुनियतकालिकांची पिढी उभी राहिली, 1969 मध्ये राजा ढालेंनी आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, आणि त्यामागे खरा राग होता: कुणाचं जगणं साहित्यात येतं आणि कुणाचं येतच नाही, याचा. मला दोन्ही हवं आहे. खटाववाडीची ती बारकाईनं वाचणारी नजर हवी, आणि तिच्या दारात ज्यांना जागा नव्हती ती माणसंही हवीत. ‘नवोदितांना व्यासपीठ’ या नावाखाली आलेलं सगळं जसंच्या तसं छापणं ही लिहिणाऱ्याची उपेक्षाच आहे. त्याचं लिहिणं कुणी नीट वाचलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पत्र पाठवलं. बघू.

19 ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही. ऑफिसला सुट्टी. आलेलं सगळं वाचून संपवलं. नकाराची पत्रं लिहिली, प्रत्येक वेगळं. नाही म्हणताना एक तरी ओळ अशी असावी की जी त्याचंच लिखाण वाचून आलीये.

1 सप्टेंबर, सोमवार (गौरीपूजन)

घरात गौरी, पुढ्यात पाहुणे, आणि मधल्या खोलीत आम्ही अक्षरं बघत बसलेलो. नाना पडद्याजवळ वाकून म्हणाले, “हा ल आपला नाय.” खरंच नव्हता. फोनवर आणि संगणकावर बहुतेक ठिकाणी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. आपला ‘ल’ दोन पोटांचा, शाळेत गिरवलेला. नानांच्या हातातून निर्णयसागरी वळणाचे खिळे वर्षानुवर्षं गेले. त्यांना तो फरक क्षणात दिसला. भावाला तोवर दिसला नव्हता, दिसल्यावर मात्र त्यानं रात्र जागवली.

उपाय दोन निघाले. पानाच्या संहितेत भाषा मराठी आहे असं सांगितलं की काही फॉन्ट आपोआप मराठी वळण देतात. किंवा मुळातच मराठीसाठी घडवलेला फॉन्ट घ्यायचा. ‘तिरो देवनागरी’ची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, मोफत आहे, आणि जुन्या खिळ्यांची आठवण देणारी आहे. तीच घेतली. अक्षर थोडं मोठं ठेवलं, ओळींत मोकळी जागा जास्त ठेवली, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार एकमेकांत अडकले की फोनवर वाचणारा दमतो. पान पांढरंशुभ्र न ठेवता किंचित मळकट केलं.

पीडीएफही करायचं ठरलं. पीडीएफ फोनवर दोन बोटांनी ताणत वाचावं लागतं म्हणून भाऊ विरोधात होता. पण साठीच्या पुढचे वाचक तेच मागतात. ते साठवून ठेवता येतं, इंटरनेट नसताना उघडता येतं. मग मोठ्या अक्षरातलं, फोनच्या रुंदीचं वेगळं पीडीएफ.

14 सप्टेंबर, रविवार

पैसे आणि कायदा. पैसे: इंटरनेटवरच्या पत्त्याचं आणि जागेचं वर्षाचं भाडं, लेखकांचं मानधन, चित्रकाराचं मानधन. चौघांनी वर्गणी काढली. जाहिरात पहिल्या अंकाला नको, यावर एकमत. देणगी मागायची ती अंक निघाल्यावर, हातात काही दाखवायला असेल तेव्हा.

कायदा: छापील नियतकालिकाला नोंदणी लागते. त्यासाठीचा 1867 चा जुना कायदा गेला, 2023 चा नवा 1 मार्च 2024 पासून लागू झाला. आपण छापत नाही. आयएसएसएन क्रमांक मात्र घ्यावा असं मला वाटतं. तो दिल्लीहून राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, शुल्क लागत नाही, आणि ग्रंथालयांना, अभ्यासकांना अंक ओळखायला सोपं जातं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. कागदी अंक बंद पडला तरी त्याची एखादी प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात राहते, 1893 पासून तिथे राहतच आली आहे. इंटरनेटवरच्या अंकाचं भाडं एक वर्ष भरलं नाही की सगळा अंक नाहीसा होतो, जणू कुणी लिहिलंच नव्हतं. आत्याचा आवाज आम्ही असा हरवू देणार नाही. प्रत्येक अंक निघाला की इंटरनेट आर्काइव्हवर त्याची नोंद करायची, पीडीएफच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, लेखकाला त्याच्या मजकुराची फाइल द्यायची, आणि थोड्या प्रती कागदावर छापून, बांधून ग्रंथालयांना द्यायच्या. हे काम कुणाच्या नावावर? माझ्या.

28 सप्टेंबर, रविवार

आज प्रसिद्धीवरून कडाक्याचं भांडण झालं. भाऊ म्हणतो, प्रत्येक ग्रुपवर दुवा टाकायचा, इन्स्टाग्रामवर रोज एक ओळ सजवून टाकायची, थोडे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवायची. त्याचा अनुभव आहे, मी तो नाकारत नाही. ओळी सजवून टाकल्या की लोक त्या ओळी वाचतात, हृदय देतात. अंकापर्यंत येत नाहीत. ग्रुपवर टाकलेला दुवा सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. व्हॉट्सॲप एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवू देतं. भावाला ती अडचण वाटते. मला वाटतं, पाचच जणांना पाठवायचं तर माणूस विचार करून पाठवेल, आणि तसाच वाचक हवा.

मी दोन उदाहरणं मांडली. फडणीस ‘काव्यरत्नावली’ काढून थांबले नाहीत. 1907 मध्ये जळगावात त्यांनी कवींचं संमेलन भरवलं. तिथे एका शाळकरी पोरानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे त्याच नावानं ओळखले गेले. दुसरं, गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’. औरंगाबादहून निघणारं हे त्रैमासिक दलित लेखकांचं घर झालं, आणि त्यामागे पानतावण्यांनी वर्षानुवर्षं घेतलेले लेखक-वाचक मेळावे होते. गावोगावची लिहिणारी पोरं तिथे पहिल्यांदा एकमेकांना भेटली. घरात पुस्तकाचं कपाट नसलेल्या मुलांसमोर अंक नुसता ठेवून उपयोग नव्हता. त्याभोवती माणसं जमवावी लागली, आणि पानतावण्यांनी ती जमवली.

मैत्रीण शेवटी म्हणाली, “दोन्ही करू, पण आधी वाचून दाखवू.” म्हणजे अंक निघण्याआधी गावात एक वाचन, तिच्या वसाहतीत एक, आणि एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक. ज्याचं लिहिणं आहे तो वाचेल. पण गावातला वसाहतीत वाचेल, वसाहतीतला टॉवरमध्ये. भावालाही हे आवडलं. पत्रकं तोच छापून आणणार आहे, स्कॅन करायच्या चौकोनासकट.

12 ऑक्टोबर, रविवार

तिन्ही वाचनं झाली. वसाहतीतल्या वाचनाबद्दल लिहायला हवं.

आत्या आली. गुडघे दुखतात, तरी रिक्षातून आली, नेसली होती काठापदराची. समोर बसलेल्या बायका बहुतेक पाटण-जावळीकडच्या. तिची बोली त्यांना एक ओळ सोडून एक समजत असावी. तिनं लेख वाचला नाही; तिला वाचता येत नाही. माझ्या हातातला कागद बाजूला सारला आणि सांगायलाच लागली. लावणी, चिखल, मांडवातल्या रात्री. मागच्या रांगेतल्या एका आजींनी मधेच तिला थांबवलं. “आमच्याकडं जात्यावर असंच असायचं. एक म्हणायची, दुसरी उचलायची.” मग दोघी एकमेकींना विचारत राहिल्या, तुमच्याकडे हळदीला काय म्हणतात, पहिलं नाव कुणाचं घेतात. आम्ही आखलेला कार्यक्रम बाजूलाच राहिला आणि कुणालाही त्याची गरज वाटली नाही.

त्या मुलानंही कथा वाचली. भाषण गेलं होतं. आता बाप पोतं उतरवतो, टोळीतला एक जण विचारतो हा कोण, आणि बाप म्हणतो, “कॉलेजात हाय,” आणि पुढच्या गोणीकडे वळतो. ऐकणाऱ्यांत बाजारात काम केलेले होते. वाचून झाल्यावर त्यांतल्या एकानं फक्त हुकाची एक गोष्ट दुरुस्त केली. मुलानं तिथेच पेनानं ती बदलली.

दोन बायका निघताना मला म्हणाल्या, आमच्याकडेही सांगण्यासारखं आहे. नंबर घेतले.

17 ऑक्टोबर, शुक्रवार (वसुबारस)

अंक निघाला. सकाळी सात वाजता, लोक लोकलमध्ये बसतात त्या वेळेला.

1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आपली दिवाळी अंकाशिवाय पुरी होत नाही. त्या मोठ्या घराण्यात आजपासून आमचाही अंक आहे, एवढं मला अभिमानानं लिहावंसं वाटतं. संध्याकाळी नानांना त्यांचं नाव दाखवलं: मुद्रितशोधन. छापखान्यात इतकी वर्षं काढून त्यांचं नाव कधी कुठल्या अंकात आलं नव्हतं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, श्रेयनामावलीत रेफ नीट बसलाय ना.

23 ऑक्टोबर, गुरुवार (भाऊबीज)

पहिले दोन दिवस शांतता. मग आत्याचं पान हलू लागलं. उरण, पनवेल, अलिबाग, भिवंडीकडून निरोप येताहेत. “आमच्या आजीचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं” अशा अर्थाचं बरंच काही. लोक आवाज ऐकायला येतात आणि मजकूर वाचून जातात. त्यांतले काही पुढे माथाडीच्या कथेवर जातात, हे भावाला आकड्यांत दिसतंय. कॅनडातल्या एका मराठी बाईंनी लिहिलं की त्यांच्या मुलीला ही बोली मराठी वाटलीच नाही, मग दोघींनी मिळून ऐकली. टॉवरमधून आलेला, नोकरी गेल्यानंतरच्या सहा महिन्यांवरचा लेख मात्र कमी वाचला जातोय. तो अंकातला सर्वांत अवघड लेख आहे आणि चांगला आहे. त्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागेल. लेखिकेशी बोलून एक वाचन गावात ठेवावं असं मनात आहे, कारण कंपनी बंद पडल्याची गोष्ट गावाला नवी नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने बंद झाले तेव्हा इथल्या कितीतरी घरांनी ती भोगली आहे.

आज मी एकही नवी पोस्ट टाकली नाही. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहिलं.

2 नोव्हेंबर, रविवार

बैठक. मानधनं देऊन झाली. आत्याला पाकीट द्यायला गेले तर घेईना. मग मी म्हटलं, मांडवात दक्षिणा घेतेस ना, तशी घे. घेतली.

आयएसएसएनचा अर्ज भरायला घेतला. छापील प्रतींसाठी वाशीच्या एका छोट्या छपाईवाल्याकडून दर आणलाय, परवडेल. अंक वर्षातून तीनच काढायचे असं आज ठरलं: दिवाळी, गुढीपाडवा आणि पावसाळ्याच्या तोंडाला. महिन्याला काढण्याची भावाला हौस आहे, पण मग पत्रं लिहायला आणि वाचनं घ्यायला वेळ उरणार नाही, आणि ते सोडून नुसता अंक काढण्यात मला रस नाही.

पाडव्याच्या अंकाचा विषय ‘घर’. आवाहनातला पहिला प्रश्न मैत्रिणीनं लिहिलाय: तुमच्या घराच्या जागी आधी काय होतं? पत्रकं या वेळी गिरणीबरोबर रेशनच्या दुकानात आणि रबाळे स्टेशनबाहेरच्या दोन चहावाल्यांकडे ठेवायची. वसाहतीतल्या वाचनानंतर नंबर दिलेल्या त्या दोन बायकांना उद्या फोन करायचाय.